तीन गिअरच्या जुन्या सायकलीला नवे आयुष्य

वर्षानुवर्षे माळ्यावर पडून असलेली सायकल एके दिवशी खाली उतरते. टायरमध्ये हवा भरली जाते, साखळीला तेल दिले जाते आणि घरातील कोणीतरी गल्लीतून एक चक्कर मारून येते. सायकल कमालीची जड चालते. हँडलवरील गिअरचा खटका वर-खाली केला तरी फरक पडत नाही. 'गिअर गेला' असे निदान होते. मागचे चाक काढून तेथे फ्रीव्हीलचे साधे चाक बसविले जाते आणि जुने चाक भंगारात जाते. तीन गिअरच्या जुन्या इंग्रजी सायकलींचा शेवट बहुधा असाच होतो. वास्तविक अशा वेळी गिअर पुष्कळदा शाबूत असतो. तुटलेली किंवा सैल पडलेली असते ती केवळ त्याची वायर.

याचे कारण गिअरच्या रचनेतच आहे. स्टर्मी-आर्चरच्या तीन वेगांच्या हबमध्ये वायर पूर्ण ताणलेली असताना पहिला, म्हणजे हलका गिअर लागतो. ताण निम्मा असताना दुसरा आणि ताण अजिबात नसताना तिसरा गिअर लागतो. म्हणजे वायर तुटली की हब आपोआप सर्वांत जड गिअरमध्ये जाऊन बसतो. अठ्ठावीस इंची चाकाच्या सायकलीला पुढे ४८ आणि मागे १८ दात्यांचे चाक असेल, तर तिसऱ्या गिअरमध्ये पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ८ मीटर पुढे जाते. उताराला किंवा पाठीवर वारा असताना हे ठीक. बाजारातून पिशव्या लादून येणाऱ्याची मात्र त्यात दमछाक होते. त्यामुळे हब चांगला असूनही सायकल टाकून देण्याजोगी वाटू लागते.

नॉटिंगहॅमचे यंत्र

या गिअरचा जन्म इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे झाला. रॅले सायकल कंपनीचे फ्रँक बोडेन यांनी हेन्री स्टर्मी आणि जेम्स आर्चर यांच्या नावावरील शोधांच्या आधारे तीन वेगांच्या हबचे उत्पादन सुरू केले. पेटंटचे वर्ष १९०२. विल्यम रायली या अभियंत्याचा या रचनेत मोठा वाटा होता. पण जुन्या करारात अडकल्यामुळे त्यांचे नाव मागे राहिले आणि हबवर दोघांचीच नावे कोरली गेली. पुढे अनेक प्रकार निघाले. त्यांत १९३६ मध्ये आलेला 'ए. डब्ल्यू.' हा सर्वाधिक टिकला. भारतात जुन्या सायकलीवर तीन गिअरचा हब दिसला, तर तो याच जातीचा असण्याची शक्यता अधिक.

आतील रचना ग्रहमालेसारखी आहे. मध्यभागी आसाला पक्के जोडलेले २० दात्यांचे चाक, त्याभोवती फिरणारी प्रत्येकी २० दात्यांची चार छोटी चाके आणि या सर्वांना वेढणारे आतून ६० दाते असलेले कडे. दुसऱ्या गिअरमध्ये मागच्या दातेरी चाकाची गती जशीच्या तशी चाकाला मिळते. तिसऱ्यात ती एकतृतीयांशाने वाढते, तर पहिल्यात एकचतुर्थांशाने कमी होते. वायरला जोडलेली बारीक साखळी आसाच्या पोकळीतून आतील क्लच सरकविते. एवढे सारे एका बंद डब्यात, तेलात फिरत असते.

बंद डब्यात असणे ही गोष्ट परभणी जिल्ह्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. येथील काळी कापसाची जमीन पावसात चाकाला चिकटते, मडगार्डमध्ये अडकते आणि वाळली की तिची बारीक धूळ होते. बाहेरून साखळी सरकविणारे आजचे गिअर अशा चिखलात लवकर कुरकुरू लागतात. हबमधील गिअरला त्याची बाधा पोहोचत नाही. हा हब या मातीसाठीच घडविला असावा, असे वाटण्याइतका तो येथे शोभतो.

तरीही जिल्ह्यात अशा सायकली विरळाच. गोदावरी, पूर्णा आणि दुधनेच्या काठचा हा मुलूख बव्हंशी सपाट आहे. साधी एका वेगाची काळी सायकल येथे सर्व कामांना पुरत असे. डोंगर लागतो तो जिंतूरच्या उत्तरेला आणि गंगाखेडच्या दक्षिणेला बालाघाटच्या रांगांत. त्यामुळे तीन गिअर ही गरजेपेक्षा चैनीची बाब ठरली. १९५० च्या दशकात आसनसोलला सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला टी. आय. सायकल्स, मुंबईत वरळीला हिंद सायकल्स, सोनीपतला अ‍ॅटलस आणि १९५६ पासून लुधियानात हिरो अशी देशी सायकलींची घोडदौड सुरू झाली. त्यांच्या खपाचा मोठा हिस्सा एकेरी वेगाच्या सायकलींचाच होता.

ओळख पटविताना

हबच्या कवचावर नाव आणि प्रकारासोबत बहुधा काही अंक ठोकलेले असतात. '५६ ११' असे अंक असतील तर हब १९५६ सालच्या नोव्हेंबरमध्ये बनला, असा त्याचा अर्थ. सायकल जोडली जाईपर्यंत हब काही महिने गोदामात पडून राहत असे, त्यामुळे थोडा फरक चालतो. सायकलच्या आणि हबच्या वयात अनेक वर्षांचे अंतर दिसले, तर चाक कधीतरी बदललेले आहे असे समजावे. अंकांवरची घाण तारेच्या ब्रशने खरवडण्याचा मोह टाळावा. रॉकेलमध्ये भिजविलेले फडके पुरते.

'एस. डब्ल्यू.' अशी अक्षरे दिसली तर मात्र सावध व्हावे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातील हा प्रकार गिअर निसटण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. त्याचे भाग 'ए. डब्ल्यू.'ला चालत नाहीत. उलट 'ए. डब्ल्यू.'चे अंतर्भाग अनेक दशके जवळपास तसेच राहिले, त्यामुळे एका हबमधील गाभा दुसऱ्याच्या कवचात बसविता येतो. भंगारातील एखादा मोडका हबही त्यामुळे मोलाचा ठरतो.

सायकलीवर अन्य खुणाही असतात. रॅलेच्या पुढील नळीवर बगळ्याच्या मुखाचे चिन्ह असते. हम्बरचे नाव वेगळे असले तरी १९३२ पासून ते रॅलेकडेच होते. सीटखालच्या नळीवर कधी विक्रेत्याच्या नावाची छोटी पट्टी सापडते. परभणी १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निझामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पट्टीवर हैदराबादच्या दुकानाचे नाव असेल, तर सायकल संस्थानी काळातील असू शकते. नगरपालिकेच्या सायकल कराचा पितळी बिल्ला अजून लटकत असेल, तर तो काढू नये. सायकलीच्या गतायुष्याचा तो एकमेव कागदपत्र असतो.

हब उघडण्यापूर्वी

पहिली तपासणी कानाने करावी. सायकल स्टँडवर लावून पेडल पुढे फिरविले असता दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये हबमधून टिकटिक ऐकू आली पाहिजे. पहिल्या गिअरमध्ये हब गप्प असतो. टिकटिक नसेल, तर आतील पॉल, म्हणजे चाकाला धरून ठेवणारे छोटे अडसर, जुन्या घट्ट तेलात चिकटले आहेत. पेडल फिरते पण चाक फिरत नाही, हेही त्याच दुखण्याचे लक्षण. अशा हबला दुरुस्तीआधी धुणे हवे असते.

कवचावरील तेलाच्या झाकणातून थोडे डिझेल किंवा रॉकेल घालावे, चाक काही वेळ फिरवावे, एका कुशीवर टेकवून घाण निथळू द्यावी. बाहेर येणारे द्रव स्वच्छ दिसेपर्यंत हे पुन्हा करावे. मग मोटारसायकलच्या दर्जाचे ताजे इंजिन ऑइल चमचाभर घालावे. पुढे महिन्याकाठी काही थेंब पुरतात. झाकण हरवले असेल, तर उजवीकडील बारीक साखळी फिरवून काढावी आणि आसाच्या पोकळीतून तेल सोडावे. खोबरेल किंवा गोडेतेल येथे अजिबात चालत नाही. काही महिन्यांत त्याचा डिंक होतो आणि हब पुन्हा बंद पडतो. दुकानातील जळके काळे ऑइल फुकट मिळते, म्हणून तेच घालण्याची सवय आहे. त्यात धातूचा कीस असतो. ग्रीसची जागा फक्त दोन्ही बाजूंच्या छर्‍यांजवळ. आतील अडसरांना ग्रीस लागले की ते उठत नाहीत. तेल जास्त झाले तर तारांवरून ओघळून रिमवर येते आणि ब्रेक घसरतात, हेही लक्षात ठेवावे.

त्यानंतर वायर. नवी वायर बसविताना बारीक साखळी हाताने शेवटपर्यंत आत फिरवावी, आणि वायरच्या रेषेत येण्यासाठी फार तर अर्धा फेरा उलट सोडावी. खटका दुसऱ्या गिअरवर ठेवावा. आसाच्या उजव्या नटाला एक छोटी खिडकी असते. त्यातून पाहिल्यास साखळीच्या दांड्याचे टोक आसाच्या टोकाशी बरोबर समपातळीत दिसले पाहिजे. पुढे-मागे असेल तर वायरवरील स्क्रूने ताण कमी-जास्त करावा. हे काम दोन मिनिटांचे आहे, पण सगळी मदार त्यावरच असते.

कारण जुन्या 'ए. डब्ल्यू.'मध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक मोकळा टप्पा आहे. वायरचा ताण चुकला की क्लच तेथे अडकतो आणि पेडल एकदम रिकामे फिरते. सीटवरून उठून, सारा भार पेडलवर टाकून चढ चढणारा माणूस अशा वेळी थेट डांडीवर आदळतो. मागून वाहन येत असेल तर परिणाम गंभीर होऊ शकतो. जुळवणी केल्यावर आधी मोकळ्या मैदानात, बसूनच, तिन्ही गिअर तपासावेत.

आसाच्या दोन्ही बाजूंना दातेरी वॉशर असतात, तेही पाहावेत. आस जागच्या जागी फिरू नये म्हणून ते असतात. जुन्या दुरुस्त्यांमध्ये ते पुष्कळदा हरवलेले असतात आणि त्यांच्याजागी साधे वॉशर आढळतात. त्यामुळे आस फिरतो, गिअर आपोआप बदलतो आणि साखळीचा दांडा तुटतो.

एवढे करूनही गिअर निसटत असेल तरच हब उघडावा. उजवीकडील छर्‍यांचे कडे पंच आणि हातोडीने सुटते. त्याचे आटे दुहेरी सुरुवातीचे आहेत, त्यामुळे काढण्यापूर्वी त्याची एक खाच कोणत्या तारेसमोर आहे याची खूण करून ठेवावी. ती चुकली तर चाक एका बाजूला सरकते आणि आउट काढून काढून मिस्त्री थकतो. परत जोडताना उजवा कोन बोटाने घट्ट करून अर्धा फेरा सैल सोडावा. बाकीची सगळी जुळवणी डाव्या कोनाने करावी. आत झिजतात ते बहुधा क्लच, अडसरांच्या कडा आणि त्यांच्या केसासारख्या स्प्रिंगा. दात्यांची मोडतोड क्वचितच आढळते.

सांगाडा आणि आटे

रंगकाम हा सर्वांत मोठा धोका आहे. सायकल 'नवी' करायची म्हणजे ती घासून स्प्रेने काळी करायची, असा सार्वत्रिक समज आहे. जुन्या सायकलीवरील सोनेरी रेघा, नावाची अक्षरे आणि मूळ चिन्हे एकदा गेली की परत येत नाहीत. साबणाचे पाणी, मऊ फडके आणि मोटारीचे पॉलिश एवढ्यावर मूळ काळा रंग आश्चर्य वाटावे इतका उजळतो. क्रोमच्या भागांवरील वरवरचा गंज पाण्यात बुडविलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ कागदाने घासला तर निघतो. नट-बोल्ट ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या पातळ द्रावणात भिजवितात. हातमोजे घालून, आणि मुलांपासून दूर.

क्रँकची कॉटर पिन काढताना हातोडीचा थेट घाव घातला, तर पिन वाकते आणि आतील कपांना खड्डे पडतात. क्रँकखाली जाड लोखंडी पाइपचा आधार देऊन, नट पिनच्या टोकाशी समपातळीत ठेवून घाव घालावा. शक्य असेल तर दाबाने काढावी. नवी पिन परभणीच्या कोणत्याही सायकल दुकानात मिळते. परंतु रॅलेच्या पेडलखालील नळीचे आणि हँडलच्या कपांचे आटे इंचाला २६ असतात, इतर इंग्रजी सायकलींचे २४. बाजारातील २४ आट्यांचा कप रॅलेत जोर लावून बसविला, तर सांगाड्याचे आटे कायमचे जातात. जुने कप घासून, फक्त छर्रे बदलून काम भागविणे शहाणपणाचे.

चामड्याची सीट वेगळे प्रकरण आहे. परभणीच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि पत्र्याखाली ठेवलेली सीट वाळून तडकते. तिला तेलात बुडविण्याची चूक अनेक जण करतात. मग चामडे मऊ पडून खाली झोळी येते. चामड्याचे मलम वरून आणि खालून हलक्या हाताने लावावे आणि सावलीत ठेवावे.

सुधारणा कोणती आणि कुठपर्यंत

मूळ रूप राखून रोज वापरायची असेल, तर सर्वांत फायद्याचा बदल सर्वांत स्वस्त आहे: मागचे १८ दात्यांचे चाक काढून २० किंवा २२ दात्यांचे बसविणे. इंग्लंडमध्येही या सायकली मुळातच जड गिअरच्या असल्याची ओरड जुनी आहे. २२ दात्यांवर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल पहिल्या गिअरमध्ये सुमारे ३.७, दुसऱ्यात ४.९ आणि तिसऱ्यात ६.५ मीटर जाते. १८ दात्यांवर हेच आकडे ४.५, ६ आणि ८ होते. दुसऱ्या गिअरमध्ये आतील चाकांमार्फत शक्ती जात नसल्याने घर्षण सर्वांत कमी असते. म्हणून रोजची चाल दुसऱ्या गिअरवर यावी, अशीच निवड करावी. मागे चिमट्यासारखी रिंग काढली की तीन खाचांवर बसलेले दातेरी चाक निघते. काही जुन्या हबवर ते आट्यांवर असते आणि त्याला वेगळी हत्यारे लागतात. साखळीला एखाद-दोन कड्या जोडाव्या लागतील. पूर्ण बंद चेनकव्हर असेल, तर मोठे चाक आत मावते की नाही हे आधी पाहावे.

ब्रेककडे दुर्लक्ष करून चालणार नाही. क्रोम चढविलेल्या लोखंडी रिमवर पावसात रबर घसरते आणि सायकल थांबायला धोकादायक वाटावे इतका वेळ लागतो. सळ्यांचे ब्रेक रिमच्या आतील बाजूला दाबतात, त्यामुळे त्यांना त्याच घडणीची रिम लागते. ती काढून अ‍ॅल्युमिनियमची रिम टाकली, तर ब्रेकही बदलावे लागतात आणि सायकलीचा चेहराच हरपतो. शिवाय जुन्या हबला मागे ४० आणि पुढे ३२ तारा असतात, तर अ‍ॅल्युमिनियमच्या रिम बहुधा ३६ भोकांच्या मिळतात. म्हणून सळ्या, त्यांचे सांधे आणि रबरे नवी करावीत, चाकांचा आउट नीट काढावा आणि पावसाळ्यात वेग कमी ठेवावा. रोज महामार्गावरून जाणाऱ्याने मात्र रूपाचा मोह सोडून अ‍ॅल्युमिनियमच्या रिमचा विचार करावा.

टायर घेताना फक्त 'अठ्ठावीस' किंवा 'सव्वीस' असे मागू नये. काळ्या सायकलीचा २८ × १ १/२ हा टायर ६३५ मिलिमीटरच्या रिमवर बसतो. आजच्या शहरी सायकलींच्या अठ्ठावीसवर ६२२ हा आकडा असतो आणि तो येथे बसत नाही. जुन्या स्पोर्ट्स सायकलीचा २६ × १ ३/८ म्हणजे ५९० मिलिमीटर. जाड टायरच्या सायकलींचा सव्वीस ५५९ मिलिमीटरचा असतो. टायरच्या कडेवरचा हा तीन अंकी आकडा वाचून घेतला, की दुकानाच्या खेपा वाचतात. बाभळीच्या काट्यांचा प्रदेश लक्षात घेता ट्यूबखाली पंक्चररोधक पट्टी टाकणे हिताचे.

पुढच्या चाकात डायनोहब असेल तर तो टिकवावा. हा ६ व्होल्टचा डायनामो हबमध्येच असतो आणि टायरला घासत नाही. त्यातून मिळणारा प्रवाह उलटसुलट दिशेचा असल्याने मध्ये रेक्टिफायर घालून एलईडी दिवा चालविता येतो. आतील चुंबक मात्र लोखंडी कड्याचा आधार दिल्याशिवाय बाहेर काढू नये. काढल्याबरोबर त्याची शक्ती कमी होते.

सुटे भाग

या सायकलीचे निम्मे काम जिल्ह्यातच होऊ शकते. साध्या काळ्या सायकलींचे टायर, ट्यूब, ४० भोकांच्या रिम, तारा, ब्रेकच्या सळ्या, रबरे आणि छर्रे लुधियानातून अजूनही येतात. अर्थात हा पुरवठा गृहीत धरता येणार नाही. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, जागतिक सायकल दिनीच, बंद पडला. सेन-रॅलेचे सरकारीकरण होऊन बनलेली सायकल कॉर्पोरेशन तर केव्हाच इतिहासजमा झाली.

हबचे अंतर्भाग स्थानिक दुकानात मिळत नाहीत. नॉटिंगहॅमची मूळ कंपनी २००० मध्ये बुडाली आणि तैवानच्या सनरेसने तिचे नाव व यंत्रसामग्री घेतली. स्टर्मी-आर्चरच्या नावाने तीन वेगांचे हब आजही तेथे बनतात. नव्या रचनेत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधील तो धोकादायक मोकळा टप्पा काढून टाकण्यात आला आहे. जुन्या हबसाठी लागणाऱ्या बारीक साखळ्या, वायर, खटके आणि अडसरांच्या स्प्रिंगा परदेशातून मागविता येतात. साखळी घेताना आसाची लांबी मोजून सांगावी, कारण ती लांबीनुसार बदलते.

मूळ रूपातील जुन्या सायकली एकत्र पाहायच्या असतील, तर पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी उभारलेल्या सायकल संग्रहालयात जाता येते. सळ्यांचे ब्रेक कसे जोडले होते, रेघा कुठे होत्या, दिव्याचा पट्टा कुठे बसत असे, हे पुस्तकापेक्षा तेथे लवकर कळते. फोटो काढून आणावेत आणि काम करणाऱ्या मिस्त्रीला दाखवावेत.

जुने चाक बदलायचेच ठरले, तर हब भंगारवाल्याला देऊ नये. तारा कापून त्याला चमचाभर तेल पाजावे, दोन्ही नट, दातेरी वॉशर आणि बारीक साखळी त्याच्याच सोबत कापडात बांधावी आणि त्यावर सायकलीचे नाव लिहून ठेवावे.